एळु सर

आमच्या ह्यांना गावात गंगाधर सर कुणी म्हणत न्हाय. दुकानात, देवळात, यष्टीच्या थांब्यावर, समदीकडं एळु सर. एकदा नवा पोस्टमन आला व्हता. त्येनं गल्लीत इचारलं, "गंगाधर सुरवसे हितंच ऱ्हातात का?" तर शेजारची म्हातारी म्हणली, "त्या नावाचं हितं कुणी न्हाय बाबा." मी घरात भाकरी थापत व्हते, ऐकलं म्हणून बरं. न्हायतर टपाल माघारी गेलं असतं.

हे नाव कसं पडलं ते आधी सांगते. आमी दोघं श्रीपूरचे. साखर कारखान्याच्या वासात लहानाचे मोटे झालो, कानडीचा एक शबूद कानावर न्हाय. लगीन झालं अन् ह्यांना नोकरी लागली ती हितं, कल्लहट्टीच्या हायस्कुलात. अक्कलकोटच्या बी पल्याड. हितली पोरं शाळेत मराठी शिकतात अन् घरी कानडी बोलतात. पहिल्या दिशी हेडमास्तरांनी ह्यांना कानडी आकडे शिकवले. सात म्हंजे एळु. आमच्या सरांनी सगळं पाठ केलं, वर्गात गेले, अन् पोरांना आपलंसं वाटावं म्हणून हजेरीचे नंबर कानडीत पुकारले. सहापतोर झ्याक चाललं. फुडं "एळु!" म्हणले, तर सगळा वर्ग धाडकन उभा! सरांना वाटलं मागनं साहेब आला. वळून बघतात तर कुणी न्हाय.

कानडीत एळु म्हंजे सात, अन् एळु म्हंजे 'ऊठ' बी. ते हेडमास्तर सांगायचं इसरले व्हते. सगळ्या वर्गात एकच पोरगं खाली बसून व्हतं, सात नंबरचा प्रभु. त्याला बरोबर कळलं व्हतं. त्यो बसल्या जागी म्हणला, "हजर सर."

ह्या गोष्टीला आता तीस वर्सं व्हत आली. प्रभु आता बैलं बाळगून हाय, गावाची पेरणी करतो, त्याची पोरगी उत्कर्षा सरांच्या हाताखाली खेळती. नाव मातुर चिकटलं ते चिकटलंच. अन् सरांनी बी एक दिस त्या नावाला सोडलं न्हाय. पहाटं उठायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची अन् गल्लीगल्लीनं दारं वाजवत जायचं. "एळु, एळु!" पोरं उठली की पळवायची. पळवून झालं की खो-खो. लहान पोरांना खो म्हणलं तर कळायचं न्हाय, बसलेलं पोरगं बसूनच ऱ्हायचं. मंग सर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "एळु!" तसं ते तीरासारखं सुटायचं. अशी किती पोरं सुटली म्हणता! कुणी पोलिसात हाय, कुणी दवाखान्यात नर्स, एक तर यष्टीचा कंडक्टर, त्याच्या गाडीत बसलं की सगळ्या गाडीला आमच्या सरांची कथा ऐकाय लागती.

मी? मी तीस वर्सांत कानडीचं एक अक्षर तोंडात घेतलं न्हाय. कळतं सगळं. बोलत न्हाय. एका घरात एक येडं पुरं झालं की.

माझं काम रानात. गावाच्या वरच्या अंगाला दीड एकर हाय, माझ्या नावावर. घेतलं तवा नावाला रान, बघाय गेलं तर दगडाची खाण. कल्लहट्टी म्हंजेच दगडाची वस्ती. सर शाळेत पोरं वळवायचे अन् मी हितं दगड वेचायची. पाटीनं वेचले, पोटाशी धरून वेचले, बोटाची नखं गेली. त्याच दगडाचा बांध घातला. कडंची जमीन अजून बी हलकीच हाय, पन मधला एक चौक असा झाला, सपाट, काळाभोर, हात घातला तर मनगटापतोर जावा. वर्साची ज्वारी त्यातनंच निघती. सर उन्हाळ्यात रिटायर व्हनार. मंग आपली भाकरी आपल्या रानातली, असं मी मनात धरून बसले व्हते.

औंदा आषाढ कोरडा गेला. उडीद पेरला व्हता, त्यो बोटभर झाला अन् करपला. मी उपटून शेरडांना टाकला. रान मोकळं पडलं. त्याच टायमाला शाळेच्या मैदानात गावाच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं. खडी पडली, सळया पडल्या, मधोमध भलामोटा खड्डा. टाकी पायजे व्हती, बायांच्या कमरा मोडल्या व्हत्या पाणी वाहून, त्याला कोण न्हाय म्हणनार? पन खो-खोच्या पोरींचं मैदान गेलं.

सर त्या दिशी जेवताना भाकरीचा एकच तुकडा लई येळ चावत बसले. मी वळखलं.

"काय मागायचंय ते मागा," मी म्हणलं. "भाकरी काय रबराची न्हाय."

"तुझा चौक रिकामा आहे ना?" सर घरात बी पुस्तकातलं बोलतात. "पेरणीपर्यंत दे. मुली या वर्षी जिल्ह्याला जातील. माझं शेवटचं वर्ष आहे, रुक्मिणी."

"कडंची जमीन घ्या की."

"तिथे दगड आहेत. मुली अनवाणी पळतात."

मला असा राग आला! दगड हायती हे मला सांगतात, मला! म्हणलं, "माझी वर्सं गेली त्यो चौक मऊ करण्यात, अन् तुमी त्यो पोरींच्या टाचांनी बडवून घेनार. बडवलेल्या जमिनीत ज्वारी उगवती व्हय?"

"पेरणीआधी मी स्वतः कुदळीने खणून देईन."

"तुमी? कुदळीनं?" मला हसू आलं. पन त्यांचं तोंड बघितलं अन् म्हणलं, "हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला की मैदान मोडायचं. फुडं एक दिस न्हाय."

"शब्द," ते म्हणले, अन् मंग दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिशी पोरी आल्या. आधी सगळ्यांनी मिळून बारके खडे वेचले, हे मी सांगितलं म्हणून न्हवं, सरांनीच लावलं. बाभळीचे दोन खांब तासून दोन्ही टोकाला रोवले. फक्कीनं रेघा मारल्या. मधल्या पट्टीत आठजणी बसायच्या, एकीचं तोंड हिकडं, दुसरीचं तिकडं, अन् नववी पळायची. माझ्या चौकात रोज धुरळा उडाय लागला. मी बांधावर गवत कापत बसायची अन् बडबडायची. पोरी "काकू पाणी" करत यायच्या, मी म्हणायची, "माझी ज्वारी तुडवताय अन् वर पाणी!" अन् कळशी फुडं करायची.

त्यातली अंकिता म्हंजे बिरुदेव धनगराची पोरगी. काळीसावळी, काटकुळी, पायात नुसता वारा. तिला पळताना बघितलं की माझा इळा हातात तसाच ऱ्हायचा. पन ऐतवारी ती येईना. तिचा बा म्हणला, "सर, आठवडाभर तुमची, ऐतवारी मेंढरांची. माझ्याबी पाठीला आराम पायजे की."

मंग आमच्या सरांनी काय करावं? ऐतवारी सर मेंढरामागं गेले! डोक्याला टावेल, हातात काठी, गळ्यात शिट्टी तशीच. त्यांना वाटलं शिट्टी मारली की मेंढरं रांगेत येतील. मेंढरं शिट्टीला भिऊन जी उधळली ती सरळ प्रभुच्या तुरीत. प्रभु वरडत आला, बघतो तर काय, सर तुरीत दोन्ही हात पसरून हुबे. "एळु सर, ही मेंढरं हायती, पोरं न्हवं!" आठ दिस गाव हसलं. पारावर बसलेली टवाळ म्हणायची, "मास्तरला प्रमोशन मिळालं की." मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. घरी त्यांच्या पायातलं कुसळ काढताना म्हणलं, "तुमची कायतरी अब्रू हाय का न्हाय?"

"अंकिता आज दिवसभर पळाली ना?" ते म्हणले.

"पळाली."

"मग झालं." अन् पाय ओढून घेतला, "हळू गं."

फुडच्या ऐतवारी परत गेले. शिट्टी घरी ठिवून गेले येवढीच सुधारणा. पावसाळा सरूस्तोर दर ऐतवारी गेले, अन् शेवटी शेवटी मेंढरं त्यांच्या मागनं चालाय लागली. असल्या माणसाला काय बोलावं तुमीच सांगा.

तालुक्याला पोरी जिंकल्या. गावात गुलाल उडाला. अन् हस्ताचा पाऊस लागला तो असा लागला की रातंदिस धार. रान पिऊन पिऊन गच्च झालं. पाऊस उघडला, ऊन पडलं, मी रोज जाऊन मूठभर माती दाबून बघायची. चिखल व्हता, मंग गोळा व्हाय लागला, मंग एक दिस गोळा हातात फुटला. वाफसा. जमीन तयार. आता लांबवलं की ओल उडाली. सरांना जिल्ह्याच्या मॅचचं बोलवणं आलं ते बी त्याच आठवड्यात, शनिवारी, सोलापूरला.

मी वाट बघत व्हते की हे म्हणतील, अजून थोडे दिस दे. म्हणजे मला भांडायला बरं. पन सर म्हणले, "शनिवारी मॅच आहे. रविवारी पेर. प्रभुला सांगून ठेव." बस. तेवढंच. भांडायची माझी सगळी तयारी वाया गेली.

अन् वर म्हणले, "रेश्मा मॅडमना ताप आहे. मुलींबरोबर बाईमाणूस पाहिजे. तू चल."

"मला काय कळतं त्यातलं?"

"पाणी द्यायला कळतं की."

गेले. पहाटंची यष्टी, पोरी खिडक्यांना चिकटलेल्या. सोलापूरचं मैदान म्हंजे काय, बारीक माती, सारवल्यासारखी, कडंनी मांडव, माईक. आमच्या पोरी रेघेच्या भाईर हुभ्या ऱ्हाऊन आधी वाकून मातीला हात लावाय लागल्या. उत्कर्षा म्हणली, "काकू, तुमच्या चौकापरीस कडक हाय." मला का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

फायनलपतोर पोरी पोचल्या. समोरची शाळा शहरातली, त्यांच्या पायात बूट, आमच्या अनवाणी. मी बांधावरनं महिनामहिना हा खेळ बघितला व्हता, पन मला त्यो धुरळाच दिसला व्हता. हितं पहिल्यांदा खेळ दिसला. समोरची पळनारी हुलकावणी देतीया, आमची तिच्यामागं वाकून सुटतीया, पाठीवर हात, "खो!", अन् बसलेली उठली की नुसती उडतीया. कुणी कुणाला कवा उठवायचं, कसं कळत असंल? आपण थांबायचं अन् दुसरीला पळवायचं. मी पाण्याची कळशी कडंला ठिवली अन् वरडाय लागले. काय वरडत व्हते मलाच ठावं न्हाय.

शेवटचा डाव आला. बरोबरीला एक गडी पायजे व्हता. टाइम संपत आला व्हता. समोरची शेवटची पोरगी, उंच, लई हुशार, खांबाकडनं वळली. अंकिता तिच्या मागं. ती उत्कर्षाच्या समोरनं निसटली, अंकिताचा हात उत्कर्षाच्या पाठीवर पडला, अन् अंकिता जिवाच्या आकांतानं वरडली,

"एळु!"

उत्कर्षा उठली, सुटली, अन् त्या पोरीच्या खांद्याला हात लावला. आमच्या सगळ्या हुभ्या ऱ्हायल्या, नाचाय लागल्या. मी बी नाचले. अन् शिट्टी वाजली. पंच हात हलवत मधी आले. "फाउल. खो म्हटलेलं नाही."

पोरींना कळंना. ती समोरची खांद्यावरची माती झटकत परत हुबी ऱ्हायली. लगेच दुसरी शिट्टी झाली, टाइम संपला. एका गुणानं गेलं.

माझ्या शेजारी एक बाई बसली व्हती, चांगली जरीच्या साडीतली. ती हसून दुसरीला म्हणली, "अगं, खो म्हणायचं तर काहीतरी भलतंच बोलली. कुठून येतात गं ह्या?" मला ऱ्हावलं न्हाय. म्हणलं, "बाई, तुमच्या पोरींना एक भाषा येती, आमच्यांना दोन. घाईत अदलाबदल व्हती. त्यात दात काढाय काय झालं?" तिनं पदर सावरत तोंड फिरवलं.

मला वाटलं सर भांडतील. जाऊन टेबलावर हात आपटतील. ते गेले, पन पंचांसमोर हात जोडून हुबे ऱ्हायले. "निर्णय बरोबर आहे, साहेब. फक्त एवढंच सांगायचंय, तो शब्द माझा आहे. मुलीचा नाही. मी लावलेली सवय आहे." पंच बी भले माणूस. म्हणले, "सर, मुली फार चांगल्या तयार केल्यात. पण नियम आहे." सरांनी मान हलवली अन् माघारी आले. त्यांची चाल मला परकी वाटली.

अंकिता रडत न्हवती. ते लई वाईट. ती रेघेवर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत व्हती. सर तिच्या शेजारी वाकून कायतरी बोलले. तिनं वर बघितलं न्हाय.

नवी पेठ दाखवायचं कबूल केलं व्हतं पोरींना, जिंकल्यावर. हरल्यावर बी सरांनी नेलं. "कबूल केलंय ते केलंय." रिक्षा, माणसं, बांगड्यांची दुकानं, कापडाची ठाणं. येरवी पोरींनी पेठ डोक्यावर घेतली असती. त्या गुमान एकमेकीचा हात धरून चालल्या. दमल्यावर एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसल्या. यष्टीची येळ झाली तसे सर त्यांच्या फुडं हुबे ऱ्हायले अन् तोंड उघडलं. मला ठावं व्हतं आता काय म्हणनार ते. तीस वर्सं तेच ऐकत आले की. पन सरांनी तोंड मिटलं. खाली बघितलं. अन् म्हणले, "चला."

त्या माणसाचा शबूद गेला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिशी पहाटं मी जागी झाले ते सवयीनं, त्यांच्या शिट्टीची वाट बघत. शिट्टी खुंटीला तशीच व्हती. सर घरात न्हवते. गल्ली गप. एक बी दार वाजलं न्हाय. कोपऱ्यात ठेवलेली पहार दिसंना, तवा कुटं गेले ते कळलं. कबूल केलंय ते केलंय.

मी ज्वारीचं बी घेतलं, ओटी बांधली अन् रानाकडं निघाले. प्रभु बैलं अन् पाभर घेऊन वाटंत भेटला. पाभर म्हंजे आमची पेरायची तीन फणांची. प्रभु बैलं हाकनार अन् बी सोडायच्या चाड्यावर मूठ माझी, दरसाल असंच असतं.

"काकू," प्रभु म्हणला, "चौकाला आधी कुळव घालावा लागंल. लई बडवलाय."

"घालू की."

रानात पोचलो. उजाडत व्हतं. सरांनी एक खांब हालवून हालवून ढिला केला व्हता, पन उपटला न्हवता. पहार बाजूला पडली व्हती अन् सर खांबाला टेकून जमिनीवर बसले व्हते. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. हाताला फोड आलेला. त्या येळंला बसलेले सर मी तीस वर्सांत बघितले न्हवते.

अन् पट्टीत पोरी बसल्या व्हत्या. सगळ्या. एकीचं तोंड हिकडं, दुसरीचं तिकडं.

"ह्या कशा आल्या?" मी इचारलं.

"कुणास ठाऊक," सर म्हणले. "मी कुणाचं दार वाजवलं नाही. सांगितलं त्यांना, मुलींनो, घरी जा, आज पेरणी आहे. उठतच नाहीत."

तेवढ्यात बांधावर बिरुदेव आला, मागं मेंढरं, हातात दोन काठ्या. एक आपली, एक सरांची. "सर, आज ऐतवार की. यायचं न्हाय व्हय?"

"आता नको बिरुदेव. मॅच संपली. अंकिता येईल आता तुझ्याबरोबर. माझं झालं सगळं."

बिरुदेवानं पोरीकडं बघितलं. ती बापाकडं बघंना, ती समोर बघत व्हती, पाय दुमडून, हात मातीवर टेकून, आत्ता कुणीतरी पाठीवर हात मारंल अन् पळायचं हाय अशी. बिरुदेव म्हणला, "झालं म्हणता, मंग ही अंधारात उठून हितं का आली? तिला मी उठवली न्हाय. आईनं न्हाय. मी जागा झालो तर आंथरूण रिकामं."

प्रभु बैलांपाशी खाली उकिडवा बसला अन् माझ्याकडं बघाय लागला. कुळव घालू का न्हाय, येवढंच त्याला इचारायचं व्हतं.

मला ज्वारी नको व्हती का? व्हती. त्या चौकात माझी नखं पुरलीत. कडंच्या हलक्या जमिनीत निम्मी बी निघत न्हाय, हे मला जितकं ठावं तितकं कुणाला न्हाय. पन मी त्या खांबाला टेकलेल्या माणसाकडं बघितलं. उन्हाळ्यात शाळा सुटनार, मैदानात टाकी हुभी ऱ्हानार, अन् ह्यो माणूस असाच भिंतीला टेकून बसनार, रोज सकाळी, माझ्या डोळ्याम्होरं. घरात ज्वारीची पोती असली तरी मला ती भाकरी गिळवली नसती. लई भांडले मी ह्यांच्याशी, पन असला माणूस ह्या पंचक्रोशीत दुसरा न्हाय, हे काय मला कळत न्हवतं व्हय? मेंढरामागं गेला माझा माणूस, एका पोरीच्या पळण्यासाठी!

"प्रभु," मी म्हणलं, "चौक सोडून पेरायचं. पाभर भाईरनं फिरव."

"चौक कवा मंग?"

"कवाच न्हाय. चौक पोरींचा."

सर म्हणले, "रुक्मिणी, शब्द दिला होता मी."

"तुमी दिला व्हता. मी घेतला न्हाय. बसा गप."

असं म्हणले खरी, पन बसलेलंच तर मला बघवत न्हवतं. ओटीतलं बी सावरत मी त्यांच्या मागं गेले, खांबाच्या आडून वाकले, अन् त्यांच्या घामेजल्या पाठीवर अशी थाप हाणली की हात झिणझिणला. अन् तीस वर्सांत तोंडात न घेतलेलं कानडी माझ्या तोंडातनं भाईर पडलं,

"एळु!"

सर उठले. अन् ते एकटेच उठले न्हाईत. अख्खी पट्टी धाडकन हुभी ऱ्हायली, हिकडं तोंड असलेल्या अन् तिकडं तोंड असलेल्या बी. बांधावरची मेंढरं दचकली. खाली बसून ऱ्हायला त्यो एकटा प्रभु. त्यो बैलांच्या पायापासनं म्हणला, "हजर सर."

आधी कुणाला कळंना. मंग सर हसले. असे हसले की खांबाला धरावं लागलं. पोरींना ती कथा कितीदा सांगितली व्हती त्यांनी, त्या बी हसाय लागल्या. अंकिता हसली न्हाय. ती माझ्याकडं बघत व्हती, डोळं भरलेलं, अन् कालपासनं पहिल्यांदा तिच्या तोंडातनं शबूद निघाला.

"काकू, फाउल."

"कसला फाउल?" मी म्हणलं. "रान माझं हाय. हितं चालतंय."

"नाही चालत!" सर म्हणले. आता त्यांचा आवाज वर्गातला व्हता. "उठवायला एळु, खेळायला खो. बसा सगळ्या. अंकिता, तू पळ. खो म्हणायचं, शंभरदा म्हणायचं. खांब कोणी हलवला हा? उत्कर्षा, दगड आण, पाचर मार."

"तुमीच हलवलाय," मी म्हणलं. त्यांनी ऐकलं न्हाय.

बिरुदेवानं दुसरी काठी बांधाला टेकून ठिवली. "सर, दुपारी या मंग," म्हणला अन् मेंढरं घेऊन निघाला. प्रभुनं बैलं वळवली. मी चाड्यावर मूठ धरली अन् बी सोडत चौकाच्या कडंनं चालाय लागले. मागं माझ्या चौकात अंकिता वरडत व्हती, खो, खो, खो.